शेवटचे एकशे ऐंशी मीटर

— नाही, सही करतोय ना, करणारच आहे, त्यासाठीच तर कंपनीने तुम्हाला एसी गाडीत घालून मुंबईहून खांदा कॉलनीपर्यंत पाठवलंय — पण आधी वाचू तर द्या, दीपेश. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे पंख्याखाली बसा. हां. 'मी, इनॉक सॅम्युएल वाक्रुळकर, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त किनारा-सुपरवायझर, माझ्या संपूर्ण माहितीनुसार व विश्वासानुसार' — वा. माहिती आणि विश्वास एकाच ओळीत. धीट आहे तुमचा वकील. पुढे काय — 'असे जाहीर करतो की सदर समुद्री केबल किनाऱ्याजवळील शेवटच्या एकशे ऐंशी मीटरमध्ये समुद्रतळाखाली दीड मीटर खोल पुरलेली होती, आणि साध्या मासेमारी नौकेच्या नांगराने तिला इजा होणे शक्य नव्हते.' छान. मराठी कोणी केलं हे? तुम्ही? नाही, खरंच छान आहे. 'इजा' शब्द आवडला मला. केबलला इजा झाली. कृष्णकांतला काय झालं त्याला शब्द सापडलेला दिसत नाही, पण एका पानात किती मावणार.

तुम्ही समुद्रात केबल टाकताना पाहिलीय कधी? नाही ना. क्लेम डिपार्टमेंटला समुद्र बघायची गरज नसते, मला माहितीय, तुटल्यावरच तुमचं काम सुरू होतं. नाही, राग नाही, सांगतोय फक्त. लोकांना वाटतं इंटरनेट आभाळातून येतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजून गच्चीवरच्या डिशकडे बोट दाखवतात. कितीदा सांगितलं, अहो, तुमचा नातू कॅनडातून तोंड दाखवतो ना, तो समुद्राच्या तळाशी पडलेल्या एका दोरातून येतो — खोल समुद्रात तो दोर बागेला पाणी घालायच्या नळीएवढा असतो, उघडा पडलेला, कोणी बघत नाही त्याच्याकडे. मग ते विचारतात, शार्क चावत नाही का? सगळे हेच विचारतात. तुम्ही पण विचारणार होतात, बघा, हसलात. शार्क नाही चावत. शार्कला बरीच कामं असतात. केबलचं वाटोळं होतं ते किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, जिथे माणसं असतात — नांगर, जाळी, ड्रेजर आणि सुपरवायझर. म्हणून तिथे ती मनगटाएवढी जाड करतात, वर पोलादी तारा गुंडाळतात आणि चिखलात पुरतात. जहाज लांब उभं राहतं, उथळ पाण्यात येऊ शकत नाही, मग केबलला फुगे बांधून ती तरंगत किनाऱ्यावर ओढायची, जागेवर आली की पाणबुड्यांनी एकेक फुगा सोडवायचा, केबल तळाला बसली की पाण्याचा जोराचा फवारा मारून खालचा गाळ पातळ करायचा — त्यात ती आपोआप खाली जाते. लोणीच. दिसायला इतकं सोपं की बघणाऱ्याला वाटावं, एवढ्यासाठी यांना पगार देतात? आणि जिथे गाळ कमी, खाली कातळ, तिथे ती खाली जाणार कशी, तिथे लोखंडी कवच — बिडाचे अर्धे-अर्धे तुकडे, दोन्ही बाजूंनी केबलवर बसवायचे आणि बोल्ट आवळायचे. एक मीटरपेक्षा कमी खोली मिळाली की कवच लावायचं. नियम आहे. नियम मीच शिकवायचो नवीन पोरांना.

पाणी घ्या. चहा ठेवतो मी, मला येतो करायला, तीन वर्षं मीच करतोय. नको? बरं.

तर कृष्णकांत. तुमच्या फाईलमध्ये त्याचं काय लिहिलंय? 'बेजबाबदार नौकामालक.' हो, असणारच. कोळी आहे, बोट आहे, बोटीला नांगर आहे — अजून काय पुरावा पाहिजे? बोट दीड महिना झाला जेट्टीला बांधून ठेवलीय, परवाना अडकवलाय, ऐन हंगामात. बोटीवर सात जण. सात घरं म्हणा ना. आणि तुमच्या वकिलाचं गणित मला कळलं बरं का, सरळ आहे — केबल दीड मीटर खाली होती, साधा नांगर रुततो दोन फूट, म्हणजे नांगर साधा नव्हताच, म्हणजे हा काहीतरी बेकायदा ओढत होता, म्हणजे मुद्दाम केलं. सगळं कशावर उभंय? दीड मीटरवर. आणि दीड मीटर कशावर? माझ्या सहीवर. बत्तीस वर्षं नोकरी केली, कोणी कधी इतकं महत्त्व दिलं नव्हतं मला.

मी ओळखतो त्याला. म्हणजे काय, आमचं कामच ते होतं, केबल टाकायच्या आधी गावात सभा घ्यायची. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये, पंखे बंद, दीडशे माणसं, कंपनीने पाठवलेल्या टोप्या आणि एक पत्रक — इंग्लिश आणि हिंदीत. रायगडच्या कोळ्यांना हिंदीत सांगायचं की तुमच्या समुद्रात कुठे नांगर टाकू नका. मी रात्रीतून मराठीत लिहून काढलं. तर पुढच्या रांगेत हा बसलेला, तेव्हा पस्तिशीचा असेल, मान एका बाजूला करून ऐकत होता. सगळं झाल्यावर उठला, म्हणाला, "सायेब, आमी नांगर टाकायचा कुटं मंग? त्येच जागेवर तर थांबतो आमी भरतीला." बरोबर विचारलं त्याने. त्या खडकाच्या आडोशालाच त्यांच्या बोटी थांबतात, आजोबापणजोबांपासून. कंपनीने नकाशावर रेघ मारली ती नेमकी त्यांच्या अंगणातून. आता मी काय सांगायला पाहिजे होतं? नांगर टाकू नका — पत्रकात तेच होतं. पण मी म्हटलं, तुझा नांगर दोन फूट रुततो, केबल पाच फूट खाली जाणार आहे, खुशाल टाक. हो, म्हटलं मी. दीडशे माणसांसमोर. टाळ्या पडल्या, दीपेश. मला सवय नव्हती टाळ्यांची. आणि वर म्हटलं, चुकून कधी अडकलाच तर ओढू नकोस, मला फोन कर, दोर कापायला सांगीन, नवीन नांगर कंपनी देईल. माझा नंबर दिला. पत्रकावर पेनाने लिहून दिला.

फोन केला ना त्याने. तुमच्या फाईलमध्ये नाही ते? असं कसं — तो सगळ्यांना सांगतोय दीड महिना. शनिवारी दुपारी नांगर अडकला, त्याने इंजिन बंद केलं आणि मला फोन लावला. अकरा वेळा. पहिला दोन वाजून दहाला, शेवटचा तीन वाजून पाचला. मधे भरती फिरली, बोट आडवी व्हायला लागली, आत सात माणसं, मग त्याने इंजिन चालू करून ओढलं. मी तरी काय केलं असतं? ओढलंच असतं. मी फोन का नाही उचलला? शनिवार होता म्हणून. आम्ही बेने इस्राएल आहोत, तुम्हाला नावावरून वाटलं असेल ख्रिश्चन, सगळ्यांना वाटतं, कुरिअरवाला मला नाताळच्या शुभेच्छा देतो. आमचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले असं सांगतात, आणि पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. आता घाणा नाही, फोन आहे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तो कपाटात जातो, शनिवारी चांदणं दिसल्यावर बाहेर येतो. झिल्पाने लावलेली शिस्त, माझी बायको — ती गेली तीन वर्षांपूर्वी, शिस्त राहिली. तर शनिवारी रात्री कपाट उघडलं आणि अकरा मिस्ड कॉल. त्याचं देव बघून घेईल, त्याचा मला फारसा त्रास नाही. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा शनिवार, पाळला, पाप नाही केलं. शनिवारचं सोडा.

काय म्हणालात? मोजणीचा कागद? पाणबुड्याने मोजलेल्या खोलीचा — सत्यजीतचा कागद? तो तुम्हाला सापडत नाही, मूळ फाईलमध्ये फक्त माझ्या सहीचा फॉर्म आहे. बरोबर. नाही सापडणार. का म्हणजे — जुनं झालं, सहा वर्षं झाली, ऑफिस दोनदा हललं, उंदीर असतात, काहीही असतं. तसं नाही म्हणायचं मला. 'नाही सापडणार' म्हणजे कठीण आहे सापडणं. तुम्ही लगेच लिहून घेऊ नका प्रत्येक शब्द.

लिहा, लिहा. काय फरक पडतो.

कागद झालाच नव्हता. तो शुक्रवार होता. सगळ्या साइटला माहीत होतं, शुक्रवारी अडीचनंतर वाक्रुळकर भेटत नाहीत — अलिबागहून निघायचं, वडखळचा ट्रॅफिक, पेण, मग पनवेल, जानेवारीचा सूर्य सव्वासहाला खाली. तेवीस वर्षं किनाऱ्यावर कामं केली, एक शुक्रवार चुकवला नाही. लोक कौतुक करायचे. तुम्हाला सांगू, मलाच जास्त कौतुक होतं. आमच्या मशिदीत — आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणतो, दचकू नका — प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे जमायची मारामार असते हल्ली, निम्मे लोक इस्राएलला गेले, तिथे मी बाकावर ताठ बसायचो, की बघा, हा माणूस समुद्रावरून येतो पण वेळेवर येतो. तर त्या शुक्रवारी सव्वादोनला काँट्रॅक्टरचा इंजिनीअर आला माझ्याकडे. शेवटचे एकशे ऐंशी मीटर मोजायचे राहिले होते, सत्यजीत सळई घेऊन पाण्यात होता — सळई गाळात खुपसायची, केबलला लागली की किती खाली ते वाचायचं, दर पाच मीटरला एकदा, तीन तासांचं काम. आणि जहाजाला रात्री निघायचं होतं. हा म्हणाला, साहेब, तुमचा शब्बाथ आहे, तुम्हाला अडचण नको, सूर्य मावळल्यावर तुम्ही पेन धरत नाही हे आम्हाला माहीत आहे, तुम्ही सही आत्ताच करून ठेवा, सत्यजीत वर आला की आकडा मी भरतो. किती काळजी. माझ्या धर्माचा इतका मान ठेवणारा काँट्रॅक्टर मी आयुष्यात पाहिला नव्हता. तोपर्यंतचे आकडे सगळे दीड मीटर, एक-साठ, एक-पंचावन्न, उत्तम चाललं होतं, मला वाटलं पुढेही तेच असणार. केली सही. कोऱ्या रकान्यावर. आणि जीपमध्ये बसलो.

निघताना ते लोखंडी तुकडे किनाऱ्यावर ढिगाने पडले होते. नेऱ्याकडच्या वाडीवरचा एक पांडू म्हणून मजूर होता, कातकरी, वीस-वीस किलोचे तुकडे खांद्यावरून आणणारा. त्यांना ट्रकमध्ये परत भरायला सांगितलं होतं कोणीतरी. त्याने जीप थांबवली आणि विचारलं, "सायेब, ह्ये लावायचं नाय का?" तेवढ्या सगळ्या इंजिनीअरांमध्ये तोच एक विचारणारा. मी म्हटलं, नाही, गरज नाही, चांगली खोली मिळालीय. घड्याळ बघत म्हटलं. सव्वासहाच्या आत पोचलो घरी, सहा वाजून चार मिनिटांनी, अजून आठवतंय. झिल्पाने दिवा लावला. मी आशीर्वाद म्हटला. चपात्या मऊ होत्या.

हो, सांगतो. सोमवारी. सोमवारी सत्यजीत भेटला. म्हणाला, सर, शेवटच्या टप्प्यात खाली कातळ आहे, सळई जेमतेम एक फूट जाते, केबल तिथेच बसलीय, मी वर येऊन सांगितलं तर ते म्हणाले फॉर्म भरून झाला. म्हणजे मला माहीत होतं. सोमवार सकाळ, साडेनऊ. तुम्हाला वाटत असेल मला दीड महिन्यापूर्वी कळलं — नाही, सहा वर्षं माहीत आहे. आणि असंही नाही की काही करता आलं नसतं. जहाज गेलं होतं, पण कवचाला जहाज लागत नाही, चार पाणबुडे आणि आठ दिवस, बस्स. ट्रक सुद्धा अजून अलिबागलाच होता. फक्त मला एक चिठ्ठी लिहायला लागली असती की मी सही आधी केली आणि मोजणी नंतर झाली. आणि कारण काय लिहू? शब्बाथ? ऑफिसात हसले असते, ते मी सोसलं असतं. पण मशिदीत, ती नऊ माणसं — देवासाठी लवकर निघालो आणि निघण्यासाठी खोटी सही केली. मला नाही जमलं. भ्यालो मी. सरळ शब्द आहे, भ्यालो.

झिल्पालाही नाही सांगितलं. ती नसती ओरडली. तिने म्हटलं असतं, इनॉक, एक शुक्रवार तू नसतास तर मी एकटीने लावला असता की दिवा. तेच मला ऐकायचं नव्हतं. तेवीस वर्षं मी धावत घरी यायचो आणि ती म्हणणार, गरज नव्हती.

आणि गंमत बघा, सहा वर्षं काही झालं नाही. दर पावसाळ्यानंतर वाटायचं, आता तुटेल. मग वाटायला लागलं, नाहीच तुटणार, वरचा गाळ वाढला असेल, देवाने सांभाळून घेतलं असेल. देवाला काय, एकशे ऐंशी मीटरच तर सांभाळायचे होते. कृष्णकांत दर दिवाळीला फोन करायचा, मला शुभेच्छा द्यायचा, मी पण 'तुलाही' म्हणायचो. तुटल्यावर त्या शनिवारी रात्री मी त्याला उलटा फोन केला, तर हा माणूस रडत नाही, शिव्या देत नाही, एवढंच म्हणाला, "सायेब, तुमी सांगितलं व्हतं ना, पाच फूट खाली हाय?" आणि मी म्हटलं, बघतो. दीड महिना बघतोय.

काय झालं? पेनाला टोपण का लावलंत? एवढा वेळ भराभरा लिहीत होतात, मी 'लिहू नका' म्हटलं तेव्हाही लिहीत होतात. आता लिहा ना, आता तर कामाचं आलंय. 'खोली एक फूट. कवच नाही. सुपरवायझरला माहीत होतं.' तीन ओळी आहेत. — काय? हे आपल्यातच ठेवू. माझ्या भल्यासाठी. या वयात चौकशी, माझं नाव, माझी सर्व्हिस. अहो दीपेश, माझ्या सोयीचा इतका विचार करणारे तुम्ही आयुष्यातले दुसरे. पहिल्याने निदान शब्बाथचं नाव तरी घेतलं होतं. — हो, मला कळतं. खोली एक फूट म्हटलं की कृष्णकांतचा दोष उरत नाही, दोष आमच्याकडे येतो, म्हणजे तुमच्याकडे येतो. तुम्हाला कोणी पाठवलंय तुटलेल्या केबलचं कारण शोधायला? तुम्हाला एका म्हाताऱ्याची सही आणायला पाठवलंय. आणि मी देणार होतो, हे विसरू नका. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा मी पेन काढून ठेवलं होतं. तेच हे. मनात सगळं ठरवलं होतं — तुम्हाला सही द्यायची, आणि चार वाजता तो येईल तेव्हा त्याला —

कृष्णकांत. मीच बोलावलंय. त्याला सांगणार होतो की बाबा, मी खूप प्रयत्न केले, माझ्या हातात काही नाही. वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. तोंडावर सांगितलं की माणसाला बरं वाटतं म्हणून बोलावलं — त्याला नव्हे, मला. एसटीने पनवेलला उतरून रिक्षाने येणार, एका वाक्यासाठी.

बसा, उठू नका. बेल आहे ती, तोच असणार. नाही, मागच्या दाराने जाता येत नाही, फ्लॅट आहे हा, मागे दारच नाही. कागद कुठे घेऊन चाललात? ठेवा तो टेबलावर. त्याला लागेल, आणि मागची बाजू कोरी आहे, मला लिहायला लागेल. ठेवा म्हटलं ना.

— ये, कृष्णकांत. ये रे आत. चपला असू देत. हे कंपनीचे, दीपेश, माझ्या सहीसाठी आले होते, निघालेत ते. काय म्हणतोस? झाली का सही, म्हणून विचारतोस?

झाली रे. सहा वर्षांपूर्वीच झाली. तुझ्या अंगणातली केबल न मोजता केली मी.

बस खाली. — तुम्ही जा, दीपेश. दार ओढून घ्या.